बोटीच्या तळात साचणारे पाणी खात्रीने ओळखून पंप वेळेवर सुरू आणि बंद करणारी व्यवस्था कशी करावी?

खाडीतली नौका (प्रश्न)

नमस्कार. आमची बेचाळीस फुटी लाकडी मासेमारी नौका आहे. तिला बाहेरून फायबरचा थर चढवलेला आहे आणि हंगामात ती हर्णै बंदरात असते. हर्णैला पावसाळ्यात आडोसा नसल्यामुळे १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तिला आंजर्ल्याच्या खाडीत आणून नांगरतो. ज्या नौका किनाऱ्यावर ओढून शाकारता येतात त्यांचा प्रश्न वेगळा आहे. आमची पाण्यातच राहते आणि मला रोज तिच्यावर जाणे शक्य होत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी तळातल्या खड्ड्यात बारा व्होल्टचा, ताशी ११०० गॅलन क्षमतेचा बुडीत पंप आणि त्याच्या शेजारी फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा भाग वर उचलला गेला की पंप सुरू करणारा) बसवून घेतला.

गेल्या आषाढात दोन दिवस संततधार लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नौकेवरील खलाशाने फोन करून आमची नौका मागच्या बाजूने खाली बसल्याचे सांगितले. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी गिअरबॉक्सच्या वर आले होते आणि बॅटरी पूर्ण उतरलेली होती. पाणी हाताने उपसून तळ मोकळा केल्यावर दिसले, की नायलॉन जाळ्याचा चार बोटे लांबीचा तुकडा खवल्यांच्या चिकट गाळासह फ्लोटच्या खाली अडकला होता आणि त्यामुळे फ्लोट वर उचललेलाच राहिला होता. म्हणजे पंप सुरू झाला नाही असे घडलेच नव्हते. पाणी संपल्यावरही तो कोरडाच फिरत राहिला, त्याने बॅटरी संपवली आणि खरे पाणी आले तेव्हा त्याच्यात फिरण्याची ताकद उरली नव्हती. नौका वाचली ती त्या खलाशाच्या लक्ष असण्यामुळे, आमच्या यंत्रणेमुळे नव्हे.

खड्डा साधारण ३५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. त्यात शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून) ठिबकणारे खारे पाणी, मासळीच्या खणातून वितळलेल्या बर्फाचे पाणी, पावसाचे पाणी आणि थोडा डिझेलचा तवंग, असे सर्व एकत्र येते. बाहेर टाकणारी नळी २८ मिलिमीटर आतल्या व्यासाची असून तिची लांबी सुमारे पाच मीटर आहे. फ्लोटऐवजी दुसरा कोणता सेन्सर अशा पाण्यात भरवशाचा ठरतो, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. या वर्षी बंदी सुरू होण्यापूर्वी काम पूर्ण करायचे आहे.

मिरकरवाड्याचा वायरमन

आपला अनुभव वाचून वाईट वाटले, पण आपण दोष नेमका शोधून लिहिला आहे हे फार उपयोगी आहे, कारण बहुतेक जण अशा वेळी "पंप खराब होता" एवढेच म्हणून नवा पंप आणतात. मी गेली बावीस वर्षे मासेमारी नौकांवर विजेची कामे करतो. सेन्सरकडे वळण्याआधी आपल्याच आकड्यांमधून दिसणारी एक गोष्ट सांगतो, कारण ती तशीच राहिली तर कितीही महागडा सेन्सर आणला तरी त्रास संपणार नाही.

२८ मिलिमीटर व्यासाच्या पाच मीटर नळीत सुमारे ३ लिटर पाणी मावते. पंप थांबला की हे सर्व पाणी उलटे खड्ड्यात येते. आपल्या खड्ड्याचे क्षेत्रफळ १०५० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे परत आलेल्या पाण्याने पातळी जवळजवळ ३ सेंटिमीटर चढते. बाजारातील साधा फ्लोट स्विच पाच सेंटिमीटरच्या आसपास सुरू होतो आणि दोनच्या आसपास बंद होतो. दोन्हींतील अंतरही तेवढेच, ३ सेंटिमीटर. याचा अर्थ असा, की आपला पंप बाहेर फेकलेले पाणीच पुन्हा पुन्हा उपसत बसण्याच्या काठावर आहे. नौका थोडी हलली की तो दर मिनिटाला सुरू होणार. यावर अनेक जण नळीत एकदिश झडप बसवतात, पण मी तो सल्ला देत नाही. खवले आणि काथ्या अडकून ती झडप अर्धवट उघडी किंवा अर्धवट मिटलेली राहते, आणि पंपाच्या पाकळ्यांभोवती हवा कोंडली गेली तर पंप फिरूनही पाणी उचलत नाही. सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी यांत निदान सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

दुसरी गोष्ट वायरीच्या जोडांची. मी उघडलेल्या बंद यंत्रणांपैकी बहुतेकांमध्ये स्विच चांगला होता आणि तळातला जोड हिरवा पडून सडलेला होता. तांब्याच्या तारांच्या पेडातून खारे पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे वर चढते आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या वायरीला आतून खाते. कलई केलेली तांब्याची वायर घ्या, जोड शक्य तितक्या उंचीवर, पाणी कधीच पोहोचणार नाही अशा जागी करा आणि त्यावर आतून चिकट असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. वायरीची जाडीही तपासा. ४ अँपिअर घेणाऱ्या पंपाला ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन दहा मीटर वापरली तर वाटेतच १ व्होल्ट पडतो, २.५ चौरस मिलिमीटर वापरली तर ०.३ व्होल्ट. पंपाची जोडणी मुख्य स्विचमधून न घेता बॅटरीवरून थेट घ्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळ असावा, म्हणजे नौका सोडताना मुख्य स्विच बंद केला तरी पंप जागा राहील.

आणि फ्लोट स्विचविषयी माझे प्रामाणिक मत असे, की तो वाईट नाही. त्यावर जाळीचे झाकण घालावे, तो नौकेच्या कण्याला समांतर बसवावा आणि त्याच्याकडून पंपाचा पूर्ण प्रवाह न नेता फक्त रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवून घ्यावा. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते आणि त्या ठिणगीने स्विचचे संपर्क चिकटतात. फ्लोटचा मोठा गुण हा आहे, की खलाशी तो डोळ्यांनी पाहू शकतो आणि हाताने उचलून तपासू शकतो. जी वस्तू खलाशाला समजत नाही ती हंगामाच्या गडबडीत कोणीही सांभाळत नाही.

पुण्याचा सर्किटवाला

मी नौकांवर काम केलेले नाही, पण पाण्याच्या टाक्यांचे स्वयंचलित नियंत्रक अनेक वर्षे बनवले आहेत, म्हणून इलेक्ट्रोडविषयी लिहितो. फ्लोटमध्ये हलणारा भाग असतो आणि अडकणे हा हलणाऱ्या भागाचा धर्मच आहे. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या दोन-तीन सळ्या वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्या आणि पाण्यातून वीज वाहते का हे पाहिले, तर अडकायला काही उरत नाही. आणखी सोय अशी, की उंच सळीवर सुरू आणि खोल सळीवर बंद अशी रचना केली की पातळ्यांमध्ये हवे तेवढे अंतर ठेवता येते.

मात्र सळ्यांना बॅटरीचा सरळ प्रवाह कधीही देऊ नये. खाऱ्या पाण्यात त्याने विद्युत-विघटन होते, एक सळी झिजते आणि दुसरीवर थर चढतो. जुन्या काळी याच कामासाठी एलएम १८३० नावाची चिप मिळत असे आणि ती सळ्यांना आलटता प्रवाह देत असे. आज एखाद्या साध्या श्मिट ट्रिगर (दोन ठरावीक पातळ्यांवर चालू-बंद होणाऱ्या) चिपने काही शे हर्ट्झचा चौकोनी तरंग तयार करून तो कपॅसिटरमधून सळ्यांना दिला तर तेच साधते. समुद्राच्या पाण्याची रोधकता सुमारे ०.२ ओहम-मीटर असते. चार मिलिमीटर जाडीच्या दोन सळ्या तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवून दोन सेंटिमीटर बुडवल्या तर त्यांच्यातील रोध गणिताने दहा ओहमच्याही खाली येतो. पाणी उतरल्यावर सळ्यांच्या धारकावर उरलेल्या खारट ओलाव्याचा रोध त्यापेक्षा कितीतरी अधिक, किलो-ओहमच्या घरात असतो. त्यामुळे निर्णयाची सीमा काही शे ओहमवर ठेवली तर ओलाव्याने फसगत होत नाही.

निवृत्त इंजिनकक्ष

मी मालवाहू जहाजांच्या इंजिनकक्षात तीस वर्षे काढली आहेत. वरील दोन्ही उत्तरे विचारपूर्वक लिहिलेली आहेत. तथापि इलेक्ट्रोडच्या बाबतीत मला एक गंभीर अडचण दिसते आणि ती आपण आधीच पाहावी असे वाटते, कारण मूळ प्रश्नकर्त्याची नौका नेमकी पावसाळ्यात धोक्यात येते.

पावसाचे निव्वळ पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा शेकडो ते हजारो पट कमी वाहक असते. आपण काढलेला दहा ओहमचा रोध पावसाच्या पाण्यात अनेक किलो-ओहमवर जातो, म्हणजे ज्याला आपण खारट ओलावा समजून दुर्लक्षित करणार आहोत त्याच घरात तो येऊन बसतो. सीमा काही शे ओहमवर ठेवली तर समुद्राचे पाणी बरोबर ओळखले जाईल, पण आषाढातल्या पावसाने भरलेला तळ यंत्रणेला कोरडाच वाटेल. सीमा वर नेली तर ओलाव्यावर पंप फिरत राहील आणि आपल्याला नको असलेला तोच प्रकार पुन्हा होईल. प्रत्यक्षात तळातले जुने मीठ पावसाच्या पाण्यात मिसळते आणि रोध मधल्या कुठल्यातरी आकड्यावर येतो, पण तो किती मिसळला यावर नौकेचा जीव टांगून ठेवता येणार नाही. शिवाय पातळी चढताना डिझेलचा तवंग सळ्यांवर पुसला जातो आणि तेलाचा तो थर वीज अडवतो.

कपॅसिटिव्ह सेन्सर (जवळच्या पदार्थाचा विद्युत क्षेत्रावर होणारा परिणाम ओळखणारे) गोड्या आणि खाऱ्या पाण्यात फारसा भेद करत नाहीत, हा त्यांचा खरा गुण आहे. पाण्याचा विद्युत-अपार्यतांक (हा परिणाम किती हे सांगणारा आकडा) ८० च्या आसपास आणि डिझेलचा २ च्या आसपास असतो, त्यामुळे ते पाणी आणि तेल वेगळे ओळखू शकतात. प्लास्टिकच्या नळीवर बाहेरून चिकटवायचे असे सेन्सर आता स्वस्तात मिळतात. तरीही नळीच्या आतल्या भिंतीवर मीठ आणि गाळाचा ओला थर साचला की पाणी नसताना ते "पाणी आहे" म्हणतात. ते नियमित पुसणे शक्य असेल तरच वापरावेत.

माझी शिफारस जुन्या आणि साध्या उपायाची आहे, तो म्हणजे हवेची घंटा. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीचा वीस सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, त्याचे वरचे तोंड टोपणाने बंद करावे आणि टोपणातून सहा मिलिमीटरची बारीक नळी वर चालकाच्या केबिनपर्यंत न्यावी. खालचे उघडे तोंड तिरपे कापावे, म्हणजे गाळाने ते एकदम बुजत नाही. पाणी चढले की आतली हवा कोंडली जाते आणि तिचा दाब वाढतो. १० सेंटिमीटर पाण्याला साधारण १ किलोपास्कल. हा दाब वरच्या टोकाला बसवलेला दाब-स्विच ओळखतो. कपडे धुण्याच्या यंत्रात पाण्याची पातळी याच तत्त्वाने कळते आणि तो स्विच सुटा भाग म्हणून मिळतो. सुरू आणि बंद होण्याच्या पातळ्यांतील अंतर त्या स्विचच्या रचनेतच असते. १० ते १२ सेंटिमीटर पाण्याला सुरू होणारा किंवा तेवढ्यावर लावून घेता येणारा स्विच मागून घ्यावा. मुख्य लाभ हा, की तळात वीज नाही, हलणारा भाग नाही आणि पाणी गोडे की खारे याने काही फरक पडत नाही. ज्यांच्या नौकांवर पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन आहे त्यांच्यासाठी तळात ठिणगी नसणे हे तर जिवाचेच काम आहे.

या पद्धतीची एक अट मात्र पाळावी लागते. घंटा दिवसेंदिवस बुडालेली राहिली तर आतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि सूक्ष्म गळतीतून निघून जाते, मग दाब कमी दिसतो आणि पातळी प्रत्यक्षापेक्षा खाली वाटते. म्हणून प्रत्येक उपशात पाणी घंटेच्या तोंडाखाली गेलेच पाहिजे, म्हणजे ती पुन्हा ताज्या हवेने भरते. दाब-स्विच बंद झाल्यानंतरही पंप आणखी वीस-तीस सेकंद चालू ठेवणारा कालविलंब रिले यासाठी लावावा. तापमानाची भीती बाळगू नये, कारण इंजिन बंद झाल्यावर हवा आठ-दहा अंशांनी थंड झाली तरी पातळीत काही मिलिमीटरचाच फरक पडतो.

पुण्याचा सर्किटवाला

आपली हरकत मला पूर्णपणे मान्य आहे. टाक्यांच्या कामात पाणी सदैव एकाच प्रकारचे असते, त्यामुळे पावसाचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकाच खड्ड्यात येईल हा विचार मी केलाच नव्हता. माझा इलेक्ट्रोडचा सल्ला या नौकेसाठी मागे घेतो.

हवेच्या घंटेला यांत्रिक स्विचऐवजी एमपीएक्स ५०१० सारखा अर्धवाहक दाब-सेन्सर जोडता येईल. तो ० ते १० किलोपास्कल मोजतो आणि प्रत्येक किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे दर सेंटिमीटर पाण्याला सुमारे ४४ मिलिव्होल्ट. त्यातून पातळी सलग कळेल. त्याच्या जोडीला पंपाला जाणारा विजेचा प्रवाहही वेगळा मोजावा, कारण पंप हाही एक सेन्सरच आहे. पाणी उचलत असताना तो जेवढा प्रवाह घेतो त्यापेक्षा बराच कमी प्रवाह तो हवेत फिरताना घेतो. काही तयार स्वयंचलित पंप याच गुणावर चालतात. ते दर अडीच मिनिटांनी क्षणभर फिरून पाणी आहे की नाही हे स्वतःच्या भारावरून ओळखतात. त्यांना सेन्सर लागत नाही, पण दिवसाला पावणेसहाशे वेळा फिरण्याची किंमत अर्ध्या अँपिअर-तासाच्या आसपास जाते आणि दोन महिन्यांच्या बंदीत ती तीस अँपिअर-तासांवर पोहोचते. ढगाळ दिवसांत सौर पट्टीवर फार विसंबता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

खाडीतली नौका

सर्वांचे मनापासून आभार. नळीतून परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब मी कधीच केला नव्हता. काल नौकेवर जाऊन पंप हाताने चालवून थांबवला आणि पट्टीने मोजले तर पातळी पावणेतीन सेंटिमीटर चढली, म्हणजे गणित बरोबर आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी, की आंजर्ल्याच्या खाडीत मोठ्या ओहोटीला आमची नौका चिखलात टेकते आणि एका कुशीवर कलते. अशा वेळी मधल्या खड्ड्यातला सेन्सर काय दाखवील? दुसरी, एका परिचिताने वरून खाली मोजणारा अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीने अंतर ओळखणारा) सेन्सर सुचवला आहे. तो पाण्याला स्पर्शच करत नसल्यामुळे घाण होणार नाही असे त्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

मिरकरवाड्याचा वायरमन

अल्ट्रासॉनिक मी दोन नौकांवर लावून पाहिला आहे आणि दोन्हींवरून काढून टाकला. स्वस्त जलरोधक सेन्सरला तोंडासमोरचे पहिले वीस सेंटिमीटर अंतर दिसतच नाही आणि आपल्या नौकांच्या तळात एवढी मोकळी उंची सहसा नसते. त्यातच पहाटे त्याच्या तोंडावर दव धरते आणि बर्फाच्या पाण्यावर मासळीचा फेस येतो, तेव्हा आकडे वाटेल तसे उड्या मारतात. उघड्या टाकीत जे चालते ते तळात चालत नाही.

कलण्याचा प्रश्न मात्र फार महत्त्वाचा आहे आणि तो सेन्सर बदलून सुटत नाही. सेन्सर मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटर बाजूला असेल आणि नौका १० अंश कलली असेल, तर त्या जागी पातळी सुमारे पाच सेंटिमीटरने चुकीची दिसते. लाटांवर डोलणारी नौका पुन्हा सरळ होते, त्यामुळे पाणी सलग दहा सेकंद दिसले तरच पंप सुरू करायचा अशा कालविलंबाने ती चूक झाकता येते. सोबत घंटेभोवती तळाशी बारीक भोके पाडलेली ११० मिलिमीटरची नळी उभी केली तर आतले पाणी हिंदकळत नाही आणि जाळ्याचे तुकडेही बाहेरच राहतात. चिखलात टेकलेली नौका मात्र पुढची भरती येईपर्यंत कललेलीच राहते. त्या काळात कुशीतले पाणी पंपाच्या तोंडापर्यंत येत नाही, म्हणून पंप सुरू होऊनही उपयोग नसतो. म्हणून पंप मध्यरेषेवर सर्वांत खोल जागी ठेवावा आणि इशाऱ्याचे दोन स्वतंत्र फ्लोट दोन्ही कुशींना थोडे उंचावर लावावेत.

निवृत्त इंजिनकक्ष

इशाऱ्याचा विषय निघाला ते बरे झाले, कारण माझ्या मते या सर्व चर्चेत तोच सर्वांत मोलाचा भाग आहे. पंपाची मर्यादा एकदा आकड्यांत पाहावी. ताशी ११०० अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे ४१६० लिटर, परंतु हा आकडा पाणी अजिबात उंच न चढवता मोजलेला असतो. दीड मीटर उंची, नळीची वळणे आणि उतरलेली बॅटरी धरली तर प्रत्यक्षात त्याच्या निम्मे, मिनिटाला तीस-पस्तीस लिटर मिळाले तरी पुष्कळ. दुसरीकडे, पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे एक भोक पडले, समजा एखादी नळी निसटली, तर त्यातून मिनिटाला सुमारे ५५ लिटर पाणी आत येते. तेव्हा पंप नौकेला वाचवत नाही. तो केवळ माणूस पोहोचेपर्यंतची वेळ वाढवतो, आणि माणसाला बोलावणारा इशाराच नसेल तर ती वाढवलेली वेळ वाया जाते.

मोठ्या जहाजांसाठी सोलास या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात याविषयी एक नियम आहे, जो मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला. ज्या इंजिनकक्षात सतत माणूस नसतो आणि तळाचे पंप आपोआप सुरू होतात, तिथे आत येणारे पाणी पंपाच्या क्षमतेहून अधिक झाले किंवा पंप अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सुरू होऊ लागला, तर ते कळवणारी सोय असावीच लागते. आपल्या नौकांना तो नियम लागू नाही, पण त्यातला विचार उचलण्यास पैसे पडत नाहीत. पंपाच्या रिलेला एक साधा मोजणी करणारा काउंटर जोडा आणि प्रत्येक भेटीत आकडा वहीत लिहा. ग्लँडचे पॅकिंग सैल होत असेल तर ते तळात पाणी दिसण्यापूर्वी वहीत दिसेल.

पंप फार वेळ चालला तर तो आपोआप बंद करावा, असे आपल्याला गेल्या वर्षीच्या अनुभवावरून वाटेल. तसे सरसकट करू नये. आत खरोखर पाणी असताना वेळ संपली म्हणून बंद पडणारा पंप फार घातक ठरतो. दहा मिनिटे सलग चालल्यावर पंप घेत असलेला विजेचा प्रवाह तपासावा. प्रवाह कमी असेल तर पंप हवेत फिरतो आहे, त्याला थांबवून इशारा द्यावा. प्रवाह पूर्ण असेल तर पाणी खरे आहे, पंप चालू ठेवून इशारा द्यावा. यात एक फट राहते, ती अशी की जाळीचे तोंड गाळाने बुजले तर पाणी असूनही प्रवाह कमी दिसतो. ती फट कुशींतल्या उंच फ्लोटांनी बुजवायची. त्यांपैकी एकही उचलला गेला तर पंप कोणत्याही परिस्थितीत सुरू राहिला पाहिजे, आणि त्यांची वायर व फ्यूज पंपापासून वेगळे असले पाहिजेत.

करंजाचा नाखवा

सर्वांनी फार अभ्यासपूर्ण लिहिले आहे. मला एवढेच सांगायचे आहे, की आपण पाणी ओळखतो आहोत तेव्हा तेलाचाही विचार व्हावा. आपोआप सुरू होणाऱ्या पंपाला डिझेल आणि पाणी यांतला फरक कळत नाही, तो जे आहे ते खाडीत टाकतो. मोठ्या जहाजांना मार्पोल या सागरी प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दहा लाखांत पंधरा भागांहून अधिक तेल असलेले पाणी बाहेर सोडता येत नाही, आणि आपण मात्र ज्या खाडीत आपल्या घरच्या बायका तिसऱ्या आणि शिंपल्या वेचतात तिथेच तवंग सोडतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खाली फायबरचा वेगळा तसराळ्यासारखा ट्रे बसवून घ्या, त्याचा तळातल्या खड्ड्याशी संबंध ठेवू नका आणि त्यातले तेल डब्यात भरून किनाऱ्यावर आणा. असे केल्याने खड्ड्यातले पाणी स्वच्छ राहील, सेन्सरवर थर बसणार नाही आणि वरच्या निम्म्या अडचणी आपोआप कमी होतील.

हातपंप मात्र काढू नका. आमच्या नौकेवर डायफ्रामचा हातपंप डेकवर कायम बसवलेला असतो, कारण बॅटरी पाण्याखाली गेल्यावर तोच एक उरतो.

खाडीतली नौका

काम कालच पूर्ण झाले, म्हणून येथे नोंद करून ठेवतो. तळात ११० मिलिमीटरची भोके पाडलेली नळी उभी केली असून तिच्यात हवेची घंटा आहे. दाब-स्विच, रिले आणि काउंटर केबिनमध्ये छताजवळ बसवले आहेत. पाणी ११ सेंटिमीटरवर दहा सेकंद टिकले की पंप सुरू होतो आणि स्विच बंद झाल्यावर आणखी पंचवीस सेकंद चालतो. इंजिनाखाली ट्रे बसवला. दोन्ही कुशींना एकेक फ्लोट वेगळ्या फ्यूजवर लावला आहे आणि त्यांचा भोंगा शेजारच्या नौकेपर्यंत स्पष्ट ऐकू जातो. त्या खलाशाला तो वाजवून दाखवला आणि वाजल्यास मला फोन करण्यास सांगितले आहे. प्रवाह मोजणारे सर्किट पुण्याच्या सदस्यांनी पाठवलेल्या आकृतीवरून बनवून घेतो आहे, ते पुढच्या आठवड्यात येईल.

चाचणीसाठी फ्लोट हाताने न उचलता खाडीचे पाणी बादलीने तळात ओतले आणि नंतर तेच विहिरीच्या गोड्या पाण्याने केले. दोन्ही वेळा पंप एकाच खुणेवर सुरू झाला. सुरू आणि बंद यांतले अंतर आता नऊ सेंटिमीटर आहे आणि नळीतले पाणी परत आल्यावरही तो पुन्हा सुरू झाला नाही. मग घंटेच्या तोंडापाशी मुद्दाम जाळ्याचे तुकडे आणि खवले टाकून पाहिले, तेव्हा चारपैकी एका वेळी पंप उशिरा बंद झाला, कारण ओला तुकडा तिरप्या तोंडाला चिकटला होता. म्हणून बाहेरची नळी बदलून आठ मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटर भोकांची बसवली आहे. नौका उद्याच्या भरतीला खाडीत आणतो आहे. काउंटर शून्यावर ठेवला असून पहिला आकडा रविवारी लिहीन.